जाँ-लुई आलिबेर

जाँ-लुई-मार्क आलिबेर (२ मे, १७६८ – ४ नोव्हेंबर, १८३७) हे फ्रेंच वैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ होते. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात त्यांनी सुमारे साडेतीन दशके काम केले. फ्रान्समध्ये त्वचारोगशास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहण्यास त्यांचे कार्य मुख्यतः कारणीभूत ठरले. फ्रान्सचे राजे अठरावे लुई आणि दहावे चार्ल्स यांचे ते वैद्य होते. मायकोसिस फंगॉइडीस या त्वचेच्या लिम्फोमाचे (लसिकापेशींच्या कर्करोगाचे) पहिले वर्णन आणि त्याचे आजही प्रचलित असलेले नाव ही दोन्ही त्यांची आहेत. नावावरून हा रोग बुरशीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा बुरशीशी कार्यकारणसंबंध नाही. या विसंगतीचे मूळ आलिबेर यांच्या कार्यपद्धतीत आणि त्यांच्या काळात आहे.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

आलिबेर यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील आव्हेराँ प्रदेशातील व्हिलफ्रांश-द-रुएर्ग या गावी झाला. शालेय शिक्षण त्याच गावात, डॉक्ट्रिनेर या धार्मिक अध्यापक-संघाच्या पाठशाळेत झाले आणि स्वतःही धर्मसेवेत जाऊन अध्यापन करावे असा त्यांचा मानस होता. फ्रेंच राज्यक्रांतीने तो मार्ग बंद केला. १७९२ मध्ये धार्मिक अध्यापक-संघ विसर्जित करण्यात आले. पुढे ते पॅरिसला आले आणि १७९५ मध्ये शिक्षक घडविण्यासाठी स्थापन झालेल्या व अवघे काही महिने चाललेल्या एकोल नॉर्मालमध्ये दाखल झाले. तेथे आणि तत्त्वज्ञ-वैद्य कबानीस यांच्या मित्रमंडळात त्यांचा वैद्यकाकडे ओढा वाढला. वैद्यकाचे रीतसर शिक्षण त्यांनी वयाच्या पंचविशीनंतर सुरू केले, म्हणजे त्या काळच्या मानाने उशिराच.

त्यांच्यावर फिलिप पिनेल यांचा विशेष प्रभाव होता. वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पतींची जशी कुले आणि जाती लावतात, तशीच रोगांचीही लावता येतील, हा पिनेल यांचा विचार आलिबेर यांनी जन्मभर उराशी बाळगला. १७९६ मध्ये शरीररचनातज्ज्ञ झाव्हिए बिशा आदी तरुण सहकाऱ्यांसह त्यांनी एका वैद्यकीय अभ्यासमंडळाच्या स्थापनेत भाग घेतला. त्यांचा पदवी-प्रबंध त्वचेशी संबंधित नव्हता. तो पाळीच्या घातक तापांवर होता. त्या प्रबंधाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या.

सँ-लुई रुग्णालय

सँ-लुई रुग्णालय चौथे हेन्री यांच्या आज्ञेने १६०७ मध्ये, प्लेगच्या रोग्यांना शहराबाहेर ठेवण्यासाठी बांधण्यास घेण्यात आले होते. उंच भिंती आणि मोकळे आवार ही त्याची रचना रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या हेतूनेच केलेली होती. १८०१ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयांची फेररचना झाली, तेव्हा खरूज, डोक्यातील खवडे, नागीण, गंडमाळा अशा दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या रोगांचे रुग्ण सँ-लुईकडे पाठवावेत असे ठरले. त्याच वर्षी आलिबेर तेथे वैद्य म्हणून रुजू झाले. या नेमणुकीत कोणी मानाचा भाग पाहिला असेल असे नाही. इतर रुग्णालयांना नकोसे असलेले हे रोगी होते. बहुतेक जण गरीब, आणि रोग उघड दिसणारा असल्यामुळे समाजानेही दूर लोटलेले. मात्र एकाच छताखाली शेकडो त्वचारोगी पाहण्याची अशी संधी तोवर युरोपातील फारच थोड्या वैद्यांना मिळाली होती.

आलिबेर यांची अध्यापनाची रीत पॅरिसमध्ये लवकरच प्रसिद्ध झाली. हवा चांगली असली की ते रुग्णालयाच्या आवारात लिंडन वृक्षांच्या सावलीत व्याख्यान देत. रुग्णांना एका उंचवट्यावर आणले जाई आणि प्रत्येकाजवळ त्याच्या रोगाचे नाव लिहिलेली पाटी असे. श्रोत्यांमध्ये विद्यार्थ्यांबरोबर परदेशी वैद्य आणि वैद्यकाबाहेरचे रसिकही असत. त्यांच्या बोलण्यात नाट्य होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. रुग्णांना असे लोकांसमोर उभे करणे आजच्या दृष्टीला खटकते. तथापि हे रोग झाकून ठेवण्याचे नसून नीट पाहण्याचे आहेत, ही गोष्ट एका संपूर्ण पिढीने या आवारात शिकली.

१८०८ मध्ये कर्करोग संसर्गजन्य आहे काय, हे तपासण्यासाठी आलिबेर यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या व्रणातील स्राव स्वतःच्या शरीरात टोचून घेतला. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनीही तसेच केले. टोचलेल्या जागी दाह झाला, पण कर्करोग उद्भवला नाही. कर्करोग्याजवळ जाण्यास लोक भीत असत अशा काळातला हा प्रयोग होता.

ग्रंथ आणि वर्गीकरण

सँ-लुईमधील त्वचारोगांचे वर्णन करणारा त्यांचा मोठ्या आकाराचा सचित्र ग्रंथ १८०६ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यातील रंगीत चित्रे प्रत्यक्ष रुग्णांवरून काढलेली होती. छायाचित्रण अस्तित्वात नसलेल्या काळात दूरच्या वैद्याला रोग दाखविण्याचा दुसरा मार्गच नव्हता. ग्रंथ अतिशय महाग होता, म्हणून १८१० पासून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी त्याच विषयावर लहान आकाराचा ग्रंथही काढला. याखेरीज औषधोपचार, खनिज पाण्याचे झरे आणि मनोविकार या विषयांवरही त्यांनी विपुल लेखन केले. मानवी भावनांवरील त्यांचा ग्रंथ त्या काळी पुष्कळ वाचला गेला.

त्वचारोगांची विभागणी त्यांनी प्रथम रोगांच्या बाह्य रूपावरून केली होती. त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट विलन यांनी वेगळी पद्धत मांडली होती: पुटकुळी, फोड, खवले, डाग अशा मूळ घटकांवरून रोग ओळखायचा. ही पद्धत कोरडी, पण शिकण्यास सोपी होती. आलिबेर यांचेच शिष्य लोराँ-तेओदोर बिएत लंडनला जाऊन ती शिकून आले आणि सँ-लुईमध्येच शिकवू लागले. एकाच रुग्णालयात गुरू आणि शिष्य यांचे दोन पंथ निर्माण झाले.

आलिबेर यांनी आपले उत्तर १८२९ मध्ये एका वृक्षाच्या रूपाने दिले. या त्वचारोगवृक्षाचे खोड म्हणजे त्वचा, मोठ्या फांद्या म्हणजे रोगांची कुले आणि डहाळ्या म्हणजे एकेक रोग. रोगाची कारणे, लक्षणे, वाटचाल आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद या सर्वांचा विचार करून नाती ठरवावीत, अशी त्यामागची कल्पना होती. कल्पना विलन यांच्या पद्धतीहून खोल होती, पण ती पेलण्याइतके ज्ञान त्या वेळी कोणाकडेच नव्हते. बहुतेक रोगांची कारणे अज्ञात असल्यामुळे फांद्या पुन्हा रूपसाम्यावरच बेतल्या गेल्या. बिएत यांच्या पंथाची सरशी झाली आणि वृक्ष ग्रंथातील एक सुंदर चित्र म्हणून उरला.

वर्णने मात्र टिकली. व्रण भरल्यानंतर त्वचेची कठीण वाढ होते त्या विकाराचे केलॉइड हे नाव आलिबेर यांच्या शब्दावरून आले आहे. आधी त्यांनी या विकाराला कर्करोगाशी नाते दाखविणारे नाव दिले होते. पुढे कर्करोगाशी गल्लत होऊ नये म्हणून ते स्वतःच बदलले. सीरियातील अलेप्पो परिसरात आढळणाऱ्या व्रणाचे, म्हणजे आज त्वचेचा लेश्मानियासिस म्हटल्या जाणाऱ्या रोगाचे, त्यांनी १८२९ मध्ये वर्णन केले. डोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखे चकचकीत पापुद्रे साचतात त्या विकाराचे नावही त्यांनीच त्या खनिजावरून ठेवले.

मायकोसिस फंगॉइडीस

१८०६ च्या ग्रंथात आलिबेर यांनी एका पुरुष रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या अंगावर प्रथम सालपटे सुटणारा पुरळ उठला आणि पुढे गाठी आल्या. या गाठी वाढून अळंबीसारख्या दिसू लागल्या. हे रूप त्यांना यॉज या उष्ण प्रदेशातील संसर्गजन्य रोगाच्या गाठींसारखे वाटले, म्हणून त्यांनी या आजाराला अळंबीसारखा यॉज अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. १८३२ च्या ग्रंथात यॉजचा संबंध सोडून देऊन मायकोसिस फंगॉइडीस हे नाव त्यांनी रूढ केले. त्यातील पहिला शब्द ग्रीक आणि दुसरा लॅटिन असून दोन्हींचे मूळ अळंबी हेच आहे. एकाच उपमेची ही द्विरुक्ती म्हणावी लागेल.

या नावाने आलिबेर यांना बुरशीचा संसर्ग सुचवायचा नव्हता. माणसाच्या त्वचेत बुरशी वाढून रोग होतो हेच त्या वेळी सिद्ध झाले नव्हते. केळफूल, तुती, डाळिंबाचे दाणे अशा उपमा वैद्यकात सर्रास वापरल्या जातात, तशीच अळंबी ही एक उपमा होती. मायकोसिस या शब्दाला बुरशीजन्य रोग हा अर्थ नंतरच्या काळात चिकटला आणि उपमेचे रूपांतर गैरसमजात झाले. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रातील घराघरांत म्युकरमायकोसिस हे नाव पोहोचले. तो खरोखरच बुरशीचा रोग आहे. त्यामुळे ऊती-तपासणीच्या अहवालात मायकोसिस हा शब्द वाचणाऱ्या मराठी रुग्णाची बुरशीचे मलम लावून भागेल अशी समजूत होणे आज अधिकच स्वाभाविक आहे.

खवडे आणि खरूज

आलिबेर यांच्या रुग्णालयात खरी बुरशी भरपूर होती. तिला बुरशी म्हणून कोणी ओळखत नव्हते इतकेच. डोक्यातील खवड्यांचे रुग्ण, विशेषतः मुले, सँ-लुईमध्ये मोठ्या संख्येने येत. आलिबेर यांनी खवड्यांचे अनेक प्रकार वेगळे केले. त्यांपैकी मधमाशीच्या पोळ्यासारख्या पिवळ्या खपल्यांचा प्रकार, म्हणजेच फेव्हस, बुरशीजन्य आहे. काही प्रकार आज इसब किंवा सोरायसिसमध्ये गणले जातात. म्हणजे बुरशी नसलेल्या रोगाला त्यांनी अळंबीचे नाव दिले आणि खऱ्या बुरशीला इतर पुरळांच्या पंक्तीत बसविले.

त्या काळातील उपचार क्रूर होते. राळेच्या लेपाची टोपी डोक्यावर घट्ट बसवायची आणि ती वाळली की हिसका देऊन केसांसह उपटायची, ही जुनी पद्धत होती. आलिबेर तिच्या विरोधात होते. रुग्णालय-प्रशासनाने महॉन बंधू नावाच्या वैद्यकीय पदवी नसलेल्या उपचारकांना खवड्यांवर उपचार करण्याची परवानगी दिली होती. त्यांची गुप्त भुकटी आणि मलम लावून केस विशेष वेदना न होता निघत आणि अनेक मुले बरी होत. हा उपचार का लागू पडतो याचे स्पष्टीकरण मात्र कोणाजवळही नव्हते. रोग केसांच्या मुळांत वाढणाऱ्या बुरशीचा असल्यामुळे केस काढणे हाच त्यातला गुणकारी भाग होता.

खरजेच्या प्रकरणात तर आलिबेर यांची मोठी फजिती झाली. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते असे मानणाऱ्यांपैकी ते होते. १८१२ मध्ये सँ-लुईतील औषधनिर्माता गालेस यांनी हा किडा सापडल्याचे प्रबंधात जाहीर केले आणि त्याचे चित्रही दिले. परंतु इतरांना किडा सापडेना. १८२९ मध्ये रास्पाय यांनी गालेस यांच्या चित्रातील किडा चीजमध्ये आढळणारा असल्याचे दाखवून दिले. परिणामी खरजेचा किडाच नाही, या मताला जोर आला. अखेर १८३४ मध्ये कॉर्सिका बेटावरून आलेल्या रेनुची या विद्यार्थ्याने आलिबेर यांच्याच विभागात सर्वांसमोर सुईच्या टोकाने रुग्णाच्या त्वचेतून किडा काढून दाखविला. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरील खेडूत स्त्रियांकडून शिकली होती. पॅरिसचे वैद्य किडा पुटकुळ्यांमध्ये शोधत होते. तो पुटकुळीत नसून तिच्यापासून निघणाऱ्या बिळाच्या टोकाशी असतो, हे त्या स्त्रियांना ठाऊक होते.

राजाश्रय आणि अखेर

नेपोलियनच्या पाडावानंतर आलिबेर यांना अठराव्या लुईंच्या दरबारी वैद्य म्हणून स्थान मिळाले. स्थूलता आणि संधिवाताने जर्जर झालेल्या या राजाची त्यांनी १८२४ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत सेवा केली. दहाव्या चार्ल्सनेही त्यांना वैद्य म्हणून कायम ठेवले आणि बॅरन हा किताब दिला. पॅरिसच्या वैद्यकशाखेत ते औषधीद्रव्ये आणि उपचारशास्त्राचे प्राध्यापकही होते. दरबाराच्या कामामुळे सँ-लुईतील बराचसा भार बिएत यांच्यावर पडत असे. तथापि त्यांनी रुग्णालय सोडले नाही. १८३० च्या क्रांतीने दरबार संपला, त्यानंतरच्या वर्षांत त्यांचा १८३२ चा मोठा ग्रंथ बाहेर पडला. ४ नोव्हेंबर १८३७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

नंतरचा इतिहास

आलिबेर यांचे निधन झाले त्याच वर्षी बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक यांना फेव्हसच्या खपल्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले. १८३९ मध्ये शोनलाइन यांनी फेव्हस हा बुरशीजन्य रोग असल्याचे मांडले, तर १८४१ पासून डेव्हिड ग्रुबी यांनी पॅरिसमध्येच खवड्यांच्या निरनिराळ्या बुरशींची वर्णने प्रसिद्ध केली. पॅरिसच्या त्वचारोगतज्ज्ञांनी प्रथम त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सँ-लुईमध्ये हा विचार रुजविला तो एर्नेस्त बाझाँ यांनी. १८५० च्या दशकात त्यांनी केस उपटणे आणि जंतुनाशक द्रव्य लावणे यांची सांगड घालून खवड्यांच्या उपचारांना तर्कशुद्ध पाया दिला.

याच बाझाँ यांनी १८७० मध्ये मायकोसिस फंगॉइडीसच्या तीन अवस्था सांगितल्या: प्रथम चट्टे, मग जाड पट्टे आणि शेवटी गाठी. त्यामुळे हा रोग काही ठिकाणी आलिबेर-बाझाँ रोग म्हणूनही ओळखला जातो. बुरशीच्या रोगांचे जाणकार आणि बुरशीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचे अभ्यासक एकच असावेत हा योगायोग लक्षणीय आहे, आणि त्या दोन्हींत त्यांनी गल्लत केली नाही. त्याआधीच, १८६० च्या दशकाच्या अखेरीस, फ्रेंच संशोधकांनी गाठींच्या ऊतींचे लसिकाग्रंथींच्या ऊतींशी असलेले साम्य दाखवून दिले होते. १९३८ मध्ये आल्बेर सेझारी यांनी संपूर्ण त्वचा लाल होऊन रक्तातही विकृत पेशी आढळणाऱ्या संबंधित विकाराचे वर्णन केले. १९७० च्या दशकात हे विकार टी-लसिकापेशींपासून उद्भवतात हे स्पष्ट होऊन त्यांना त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा हे एकत्रित नाव मिळाले.

नाव बदलावे अशी मते असूनही ते टिकले आहे, आणि त्यातून होणारा घोटाळा केवळ शब्दांपुरता नाही. सुरुवातीचे चट्टे कंबरेखाली, नितंबांवर, मांड्यांवर, म्हणजे नायटा होतो त्याच भागांत उठतात. कधी ते वर्तुळाकारही असतात. त्यामुळे रुग्ण दीर्घकाळ नायट्याची किंवा इसबाची औषधे लावत राहतो आणि निदानाला कित्येकदा वर्षे लागतात. एकाच ऊती-तपासणीत ते होईलच असे नसते, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. स्टेरॉइडचे मलम लावलेले असल्यास नायट्याचे रूपही बदलते आणि तो लिम्फोमाच्या चट्ट्यासारखा दिसू शकतो.

निदान झालेल्या रुग्णात उलट चूक संभवते. या रोगात त्वचेची संरक्षक व्यवस्था दुबळी होते, त्यात स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची भर पडते, आणि खरा बुरशीसंसर्ग सहज होतो. सेझारीच्या विकारात तळवे जाड होऊन भेगाळतात, नखे वेडीवाकडी होतात. अशा पायांत बुरशी असली तरी ती रोगाचाच भाग समजून सोडून दिली जाण्याचा धोका असतो. भेगांतून स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आत शिरतात, आणि या रोगाच्या प्रगत अवस्थेत संसर्ग हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. नवा खवलेदार चट्टा लिम्फोमाचा की बुरशीचा, हे ठरविण्यासाठी त्याची साल खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी काही मिनिटांत होते. लिम्फोमा स्वतः स्पर्शाने पसरत नाही आणि बुरशीनाशकाने बराही होत नाही.

सँ-लुई रुग्णालय आजही कार्यरत असून तेथे त्वचारोगांच्या मेणाच्या प्रतिकृतींचे प्रसिद्ध संग्रहालय आहे. पॅरिसच्या दहाव्या प्रभागात रुग्णालयालगतच्या एका रस्त्याला आलिबेर यांचे नाव देण्यात आले आहे.